बेलमची गुहा मुलांसोबत बघताना

महाराष्ट्रातून तिरुपतीला जाणारी असंख्य कुटुंबं ताडिपत्री स्टेशन झोपेतच पार करतात. तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर, आंध्र प्रदेशच्या नांद्याल जिल्ह्यात, कोलिमिगुंडला गावाजवळ बेलमची गुहा आहे. मोजलेली लांबी ३,२२९ मीटर. भारतात सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुल्या असलेल्या गुहांमध्ये मैदानी प्रदेशातली ही सर्वांत लांब. त्यातला साधारण दीड किलोमीटरचा भाग दिवे, पायऱ्या आणि वाट करून खुला केलेला आहे. सर्वांत खोल जागा प्रवेशाच्या पातळीपासून सुमारे ४६ मीटर खाली. मुलांना जमिनीच्या पोटात नेऊन आणायचं असेल तर महाराष्ट्रातून रेल्वेने गाठता येण्यासारखी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

बेलमची सहल बिघडते ती बहुधा मोठ्यांच्या घाईमुळे. ‘शेवटपर्यंत जाऊन आलो’ हे सांगता यावं म्हणून घामाघूम झालेल्या मुलांना ओढत नेलं जातं, मुलं रडकुंडीला येतात आणि गुहा म्हणजे नकोशी जागा असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसतं. ही गुहा मुलांच्या चालीने बघायची असते. पुढचं सगळं त्या हिशोबाने लिहिलं आहे.

आधी ठरवा: कोण जाणार, कधी जाणार

सात ते बारा वर्षांची मुलं या गुहेसाठी अगदी योग्य वयाची. पायऱ्या चढण्याइतके पाय भक्कम झालेले असतात, प्रश्न विचारण्याची हौस असते आणि अजून कशाचा कंटाळा आलेला नसतो. चार ते सहा वर्षांची मुलंही मजेत येतात, पण सुरुवातीच्या मोठ्या दालनांपर्यंतच, आणि सोबत परत फिरायला तयार असलेलं एक मोठं माणूस हवं. तीन वर्षांखालच्या मुलाला आत नेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. त्याला अंधारात काही दिसणार नाही, गरमी मात्र सगळी सोसावी लागेल. नेणं भागच असेल तर कडेवर किंवा छातीशी बांधलेल्या झोळीत न्या. पाठीवर किंवा खांद्यावर अजिबात नको. काही ठिकाणी छत इतकं खाली येतं की मोठ्यांना वाकावं लागतं, आणि वाकताना पाठीवरच्या मुलाचं डोकं कुठे आहे हे आपल्याला दिसत नाही. बाबागाडीचा तर प्रश्नच येत नाही.

दमा, हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खोल भागात उतरू नये. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना पायऱ्यांचा त्रास होतो, कारण उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. त्यांच्यासाठी वरच्या आवारात सावली शोधा आणि एक मोठं माणूस त्यांच्यासोबत ठेवा.

कधी जायचं याचं उत्तर सोपं आहे: दिवाळीची सुट्टी ते फेब्रुवारी. रायलसीमेतला, म्हणजे आंध्रच्या या दक्षिण भागातला उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि मग ताडिपत्री ते बेलम हा रस्ताच मुलांचा जीव काढतो. मेच्या सुट्टीतच जमणार असेल तर सकाळी दार उघडताना तिथे हजर राहायचं आणि दुपार खोलीत काढायची, एवढं पाळा. पावसाळ्यात जायचं झाल्यास निघण्यापूर्वी फोन करून गुहा चालू आहे ना याची खात्री करून घ्या, आणि जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर तो दिवस सोडून द्या. ही गुहा पाण्यानेच कोरलेली आहे. पावसाचं पाणी आजही खालचीच वाट शोधतं.

शनिवार-रविवार, संक्रांत आणि सलग सुट्ट्यांच्या दिवसांत गर्दी खूप होते. अरुंद बोळात पुढेमागे दाटीवाटीने माणसं आली की मुलं घाबरतात आणि हवाही जड होते. मधला वार मिळत असेल तर त्यासाठी एक दिवस वाढवणं परवडतं.

घरीच करून बघायचा लिंबाचा प्रयोग

महाराष्ट्रातली मुलं अजिंठा-वेरूळ बघून आलेली असतात. ती लेणी माणसांनी छिन्नी-हातोड्याने बेसॉल्टच्या कातळात कोरली. बेलम पाण्याने कोरली, आणि तीही चुनखडकात. हा फरक मुलांना आधी कळला तर गुहेत शिरल्यावर त्यांचे डोळे वेगळ्या गोष्टी शोधू लागतात. तो समजावायला व्याख्यान नको, लिंबू पुरे.

आपल्या स्वयंपाकघरातला काळा ओटा बहुतेक कडप्प्याचा असतो. तो दगड येतो कडप्पा, ताडिपत्री, बेतमचर्ला या पट्ट्यातल्या खाणींतून, आणि बेलमची गुहाही याच मुलखातल्या काळ्या चुनखडकात आहे. फरशीच्या दुकानात पॉलिश केलेल्या कडप्प्याचा तुटका तुकडा सहज मिळतो. तो आणा. मुलांना त्यावर अर्धं लिंबू पिळू द्या. दहा-पंधरा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. जिथे रस पडला होता तिथली चकाकी गेलेली असते, एक फिकट, खरखरीत डाग उरतो, आणि बोट फिरवलं की तो हाताला लागतो. आंबटाने दगड किंचित खाल्ला. (हा प्रयोग खऱ्या ओट्यावर करू देऊ नका, डाग जात नाही.) अंड्याचं कवचही याच जातीच्या द्रव्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. ते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं तर आधी बुडबुडे येतात आणि मग विरघळून जातं.

आता मुलांना सांगा: पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळतो, मातीतून झिरपताना आणखी मिसळतो, आणि ते पाणी अगदी किंचित आंबट होतं. लिंबाच्या मानाने काहीच नाही, पण त्याच्या हाताशी लाखो वर्षं असतात. ते चुनखडकाच्या भेगांत शिरतं, भेग रुंदावतं, भेगेचा बोळ होतो आणि बोळाचं दालन.

दुसरी निम्मी गोष्ट गीझरमध्ये दिसते. बोअरचं पाणी असलेल्या घरात गीझरच्या कॉइलवर किंवा नळाच्या तोंडाशी जो पांढरा क्षार साचतो, तो पाण्यात विरघळलेला चुनाच. गुहेच्या छतातून ठिबकणारं पाणी हवेत आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना मागे राहतो. थेंबामागून थेंब असा चुना साचत छताला लोंबतो तो अधोमुखी लवणस्तंभ, आणि खाली जमिनीवर साचून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. दोन्ही एकमेकांना भेटले की खांब. शाळेच्या भूगोलात ‘भूजलाचे कार्य’ म्हणून हे दोन ओळींत येतं. लिंबाचा प्रयोग केलेल्या मुलाला त्या ओळी पुन्हा पाठ कराव्या लागत नाहीत.

अंधाराची तयारीही घरीच करा. रात्री सगळे दिवे बंद करून पाच मिनिटं एकत्र बसा, टॉर्च मुलाच्या हातात द्या, तो कधी लावायचा हे त्याला ठरवू द्या. भुताखेताच्या, वाघाच्या गुहेच्या गोष्टी निदान त्या आठवड्यात सांगू नका. ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा ‘आत गरम होईल, काही ठिकाणी वाकावं लागेल, दिवे असतील, आपण सगळे सोबत असू’ असं नेमकं सांगितलेलं मुलांना जास्त धीर देतं.

पोचायचं कसं, राहायचं कुठे

मुंबई, पुणे, सोलापूरकडून तिरुपती-चेन्नईला जाणाऱ्या गाड्या वाडी, रायचूर, गुंतकल, गुत्ती करत ताडिपत्रीवरून कडप्प्याकडे जातात. प्रत्येक गाडी ताडिपत्रीला थांबत नाही, त्यामुळे तिकीट काढताना थांबा आणि वेळ दोन्ही बघा. मध्यरात्री दोनला मुलांना उठवून उतरण्यापेक्षा गुत्ती किंवा गुंतकलला सोयीच्या वेळी उतरून पुढे गाडी करणं सुखाचं. ताडिपत्रीहून कोलिमिगुंडल्याच्या दिशेने बस जातात, पण मुलं आणि सामान सोबत असेल तर जाऊन-येऊन गाडी ठरवावी आणि थांबण्याचे तास आधीच बोलून घ्यावेत. हैदराबाद आणि बंगळुरूत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्वतःच्या गाडीने दोन दिवसांत ही सहल आरामात करता येते.

वाटेत सिमेंटचे कारखाने आणि रस्त्याकडेला उभ्या रचून ठेवलेल्या लाद्या दिसतात. तिथे गाडी दोन मिनिटं थांबवा. प्रयोगातला तुकडा जिथून आला ते डोंगराएवढे ढीग मुलांना ओळखता येतात.

मुक्काम ताडिपत्रीत करता येतो किंवा गंडिकोट्याला (नदीच्या घळीकाठचा किल्ला, त्याबद्दल शेवटी). गुहेजवळ आंध्र प्रदेश पर्यटन महामंडळाची राहण्या-जेवणाची साधी सोय आहे. तिथे राहायचं असेल तर आधी फोन करून खोली नक्की करा, तिथे पोचून बघू असं ठेवू नका, कारण आसपास दुसरा पर्याय पटकन मिळत नाही. भाषेची अडचण फारशी येत नाही. या भागात दखनी बोलणारे लोक बरेच आहेत आणि आपल्या हिंदीवर काम भागतं. मुलांना ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी आणि ‘मेल्लगा’ म्हणजे हळू, हे दोन तेलुगू शब्द मात्र शिकवून ठेवा. गुहेत हे दोन्ही सारखे कानावर पडतात.

अंगावर काय, पिशवीत काय

इंटरनेटवर परदेशी गुहांची माहिती वाचून लोक स्वेटर घेऊन येतात. जमिनीखालचं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं. युरोपातल्या गुहा म्हणून गार असतात. रायलसीमेची सरासरीच उबदार, त्यामुळे बेलम आतून उबदार आणि दमट आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि शरीराला थंड व्हायला वावच मिळत नाही. मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त लक्ष इकडेच द्यायचं आहे.

म्हणून सुती, सैल, पातळ कपडे. जीन्स नको. एक जादा सदरा आणि छोटा पंचा गाडीत ठेवा, बाहेर आल्यावर ओला सदरा बदलला की मुलं लगेच हसू लागतात. पायात रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल किंवा बूट हवेत, चपला नकोत. जमीन बहुतेक ठिकाणी कोरडी आणि सपाट आहे, पण ओल्या जागी पाय सटकतो आणि पायऱ्यांवर चपला निसटतात.

प्रत्येक मुलामागे अर्धा लिटर पाण्याची बाटली, आणि ती त्याच्याच हातात किंवा खांद्याला. मोठ्यांच्या सॅकमधलं पाणी मुलं मागत नाहीत, तहान लागून गेल्यावर सांगतात. सकाळी निघतानाच पोटभर पाणी पाजा. ओआरएसची दोन पाकिटं जवळ असू द्या. खाऊ आत नेऊ नका, वेष्टणं आणि सांडलेले कण गुहेत उंदीर-झुरळांना बोलावतात. टॉर्च मात्र दरडोई एक. दिवे आहेत, पण वीज जाऊ शकते, आणि मोबाइलचा टॉर्च लावला की एक हात अडकतो. कपाळाला बांधायचा छोटा टॉर्च लहान मुलांसाठी उत्तम. मोठ्या सॅक गाडीतच ठेवा, अरुंद जागी त्या मागच्याच्या तोंडावर आदळतात.

दारात पोचल्यावर

पहिलं आश्चर्य हे की तिथे डोंगरच नाही. सपाट माळरान, शेतं, आणि आवारात बुद्धाची भव्य मूर्ती. गुहेतून सापडलेल्या अवशेषांवरून इथे एके काळी बौद्ध भिक्खूंचा वास होता असं मानतात, म्हणून ती मूर्ती. गुहेचं तोंड म्हणजे जमिनीला पडलेलं विहिरीसारखं भगदाड, आणि तशी भगदाडं एकाशेजारी एक तीन आहेत. खालच्या पोकळीवरचं छत कोसळून ती झाली. भूगोलातलं विलय विवर म्हणतात ते हेच. मुलांना काठावरच्या कठड्याशी उभं करून आधी वरून नीट बघू द्या. इतक्या सपाट जमिनीखाली तीन किलोमीटरची गुहा आहे, हे वरून बघितल्यावर जास्त पटतं.

तिकीट काढण्याआधी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या. आत सोय नाही, आणि ‘मला आत्ता लागली नाही’ हे मुलांचं वाक्य अर्ध्या वाटेवर बदलतं. तिकिटाचे दर आणि वेळा बदलत असतात. साधारण सकाळी दहाला गुहा उघडते, तेव्हाच आत शिरलात तर हवा ताजी, गर्दी कमी आणि गाइडही निवांत. गाइड जरूर घ्या. ‘आम्हाला लहान मुलं आहेत, हळू जायचं आहे, कुठेही परत फिरू शकतो’ हे त्याला पहिल्यांदाच सांगा.

आत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे चुकामूक झाली तर बाहेर कुठे आणि किती वाजता भेटायचं हे वरच ठरवा. मुलांशी तीन करार करा. कठडा आणि दिवे असलेली वाट सोडायची नाही. एकटं पडल्यास जवळच्या दिव्याखाली उभं राहायचं, शोधत फिरायचं नाही, कारण बाजूचे बोळ बंद किंवा अंधारे असतात आणि एकसारखे दिसतात. आणि कोणीही, कोणत्याही क्षणी ‘परत’ म्हणालं की त्याच्यासोबत एक मोठं माणूस परत फिरणार, त्यावर चर्चा नाही आणि चिडवणं नाही. हा तिसरा करार सगळ्यात कामाचा. परतीची वाट आपल्या हातात आहे हे माहीत असलेली मुलं उलट जास्त आत जातात.

आत

पायऱ्या उतरून गेल्यावर लगेच चालू लागू नका. पहिल्या मोकळ्या जागेत दोन-तीन मिनिटं थांबा. डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो आणि बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली ठेच याच टप्प्यावर लागते. डोकी मोजा, पुढे एक मोठं माणूस आणि शेवटी एक, मुलं मध्ये. प्रत्येक वळणानंतर पुन्हा डोकी मोजा.

दालनांना त्यांच्या आकारावरून नावं दिली आहेत. सिंहद्वारम् म्हणजे सिंहाच्या मस्तकासारखी दिसणारी दगडी कमान. मंडपम् हे खांबांच्या सभामंडपासारखं मोठं दालन. छताला नागाच्या फण्यांसारखे लवणस्तंभ आहेत तो हजार फण्यांचा भाग. एका ठिकाणी वडाच्या पारंब्यांसारखे लवणस्तंभ उतरलेले दिसतात. कोटिलिंगालू या भागात शिवलिंगांसारखे असंख्य आकार दाटीने आहेत. गाइडने नाव सांगण्याआधी मुलांना विचारा, ‘तुला काय दिसतं?’ मुलांना तिथे भलतंच काही दिसतं, आणि ते लक्षात राहतं.

मग मी सांगेन ती गोष्ट नक्की करा, यासाठी निवांत जागा आणि थोडी चिकाटी लागते. टोकाशी पाणी असलेला एक लवणस्तंभ शोधा. सगळेच ओले नसतात, बरेच वर्षानुवर्षं कोरडे आहेत. सापडला की टॉर्च समोरून न मारता बाजूने मारा. टोकाशी थेंब फुगताना दिसतो, थरथरतो, आणि बराच वेळ पडतच नाही. त्या वेळात त्याच्यातला कणभर चुना टोकाला चिकटत असतो. तो थेंब पडेपर्यंत मुलांना अंक मोजायला लावा. लवणस्तंभ साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा वाढतो, तोही पाणी ठिबकत राहिलं तर. कुठे यापेक्षा भरभर, कुठे हळू. या हिशोबाने एक सेंटिमीटरला शंभर वर्षं. मुलाला त्याच्या उंचीचा लवणस्तंभ शोधायला सांगा आणि गुणाकार त्यालाच करू द्या. एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं उत्तर येतं बारा हजार वर्षं. तोंडाचा आ झालेला असतो.

हात का लावायचा नाही, हे सांगायची वेळ हीच. आपल्या कातडीवरचं तेल दगडाला लागलं की तिथे पाणी नीट पसरत नाही, चुना बसत नाही, आणि वाढ थांबू शकते. जिथे वाट अगदी जवळून जाते तिथे हातांनी काळे-तुकतुकीत झालेले दगड दाखवा. दिव्यांच्या आसपास हिरवी झाक दिसली तर तेही दाखवा. सूर्य कधीच न पोचणाऱ्या जागी दिव्याच्या उजेडावर शेवाळ वाढतं. या गुहेत एके काळी आसपासचा कचरा टाकला जाई. गाळ आणि घाण उपसून ती आजच्या अवस्थेत आणावी लागली. ज्या गोष्टीला हजारो वर्षं लागली ती आपल्यामुळे बिघडू नये, हे मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर समजतं. मोठ्यांना मात्र नाव कोरताना पाहिलं तर थांबवा. मुलांसमोर थांबवा.

सप्तस्वरांच्या दालनात लवणस्तंभांवर हलकेच वाजवलं की धातूसारखा नाद निघतो. गाइड वाजवून दाखवतो, तेवढं ऐका. आपल्या प्रत्येक मुलाने एकेकदा ठोकायला हवंच असं नाही, तुमच्यामागून शेकडो येणार असतात.

भिंतींकडेही बघा. लोक छत बघतात आणि पुढे जातात. पाण्याने घासून गुळगुळीत केलेल्या, लाटेसारख्या खोलगट खुणा भिंतीवर दिसल्या की समजायचं, इथून एके काळी नदी वाहत होती. त्यावर टॉर्च तिरका धरला की प्रत्येक खळगा वेगळा उठून दिसतो.

वाटेत पाइपमधून हवा सोडण्याची व्यवस्था आहे. तिथे थांबून मुलांना पाणी पाजा. तहान लागली का असं विचारत बसू नका, बाटली हातात द्या. वीज गेलीच तर जिथे आहात तिथे उभे राहा, टॉर्च लावा, आवाज शांत ठेवा. आई-बाबांचा आवाज चढला नाही तर मुलांना तो खेळ वाटतो.

सर्वांत खोल जागा पाताळगंगा. तिथे पाण्याचा लहानसा प्रवाह जमिनीत गडप होतो. हे पाणी दूरच्या बेलम गावातल्या विहिरीला जातं असं तिथले लोक मानतात. जागा सुंदर आहे, पण तिकडे उतरताना गरमी आणि दमटपणा चांगलाच जाणवतो. तिथे सगळ्या कुटुंबाने जायलाच हवं असं अजिबात नाही. मोठी मुलं आणि एक पालक जाऊन येतात, बाकीचे वरच्या दालनात बसून थेंब मोजतात, हा व्यवहार उत्तम.

परत कधी फिरायचं

मूल रडलं तर कळतं. गप्प झालं तर बहुधा कळत नाही, आणि तेच जास्त महत्त्वाचं आहे. बडबड करणारं मूल अचानक गप्प झालं, चेहरा लालबुंद किंवा उलट फिकट पडला, डोकं दुखतंय, मळमळतंय, छातीत धडधडतंय म्हणालं, पाय ओढू लागलं, की ‘थोडंच राहिलंय’ म्हणायचं नाही. मोकळ्या हवेच्या जागी बसवा, पाणी द्या, आणि थोडं बरं वाटलं की पुढे न जाता वर या. धाप कमी होत नसेल तर थांबूही नका, गाइडला सांगून सरळ बाहेर पडा. परतीला चढ आहे हे लक्षात ठेवून ताकद शिल्लक असतानाच फिरायचं. सगळं मिळून एक ते दीड तास मुलांना पुरे होतो.

बाहेर आल्यावर लगेच गाडीचा एसी फुल करू नका. सावलीत बसा, सदरे बदला, ताक किंवा शहाळ्याचं पाणी घ्या. मग जेवण. रायलसीमेचं जेवण झणझणीत. मुलांसाठी दहीभात मागा, किंवा ज्वारीची भाकरी, तिला तिथे जोन्न रोट्टे म्हणतात. सकाळच्या न्याहारीला उग्गाणी मिळाली तर लातूर-सोलापूरची मुलं ‘ही तर सुशीला’ म्हणून ओळखतील. भिजवलेल्या चुरमुऱ्यांचाच पदार्थ आहे. सोबत येणारी मिरचीची भजी मात्र मोठ्यांनी आधी चाखून बघावी.

वयाने मोठ्या मुलांना या गुहेच्या शोधाची हकीकत आवडते. १८८४ मध्ये ब्रिटिश भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी तिची नोंद केली, आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं कोणी फारसं आत गेलं नाही. १९८२-८३ मध्ये डॅनिएल गेबाउर यांच्या जर्मन पथकाने रांगत, सरपटत ती मोजून काढली. १९८८ मध्ये तिला संरक्षण मिळालं आणि वाटा, दिवे, हवेची सोय होऊन २००२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. परतीच्या गाडीत मुलांच्या हातात कागद देऊन आठवणीने नकाशा काढायला सांगा. गेबाउरच्या पथकाने किती अवघड काम केलं हे त्यांना तेव्हा कळतं.

जोडून काय बघता येईल

एक दिवस हातात असेल तर गंडिकोटा, सुमारे ६० किलोमीटर. पेन्ना नदीने लालसर खडकात कापलेली खोल घळ आणि तिच्या काठावरचा किल्ला. बेलममध्ये पाणी दगड विरघळवतं ते बघायचं आणि इथे पाणी दगड कापतं ते, म्हणून या दोन जागा एकाच सहलीत बसवाव्यात. पण मुलांच्या दृष्टीने धोका गुहेपेक्षा गंडिकोट्याला कितीतरी जास्त आहे. घळीच्या काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही, कडा शेकडो फूट सरळ खाली आहे, आणि फोटोच्या नादात लोक टोकापर्यंत जातात. काठापासून निदान दहा पावलं आत बसायचं, लहान मुलांचा हात सोडायचा नाही, आणि सूर्यास्त बघून अंधार पडायच्या आत किल्ल्याच्या दिशेने फिरायचं.

विदर्भातल्या कुटुंबांना बस्तरमधली कुटुमसर जवळ पडते. जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात ती आहे, तिच्यातल्या पाण्यात आंधळे मासे राहतात, आणि पावसाळ्यात ती बंद असते. ती जास्त अरुंद आणि जास्त अंधारी, त्यामुळे दहा वर्षांखालच्या मुलांना आधी बेलम दाखवून मगच तिकडे न्यावं. विशाखापट्टणमला जाणार असाल तर अरकू खोऱ्यातली बोर्रा गुहा आहे. तिची दालनं प्रशस्त आणि उंच, कोंडल्यासारखं वाटत नाही, आणि बोगद्यांतून जाणारा रेल्वेप्रवास मुलांना गुहेइतकाच आवडतो. अंधाराला फार बिचकणारं मूल असेल तर सुरुवात बोर्रापासून करा.